मालकांना विचारून सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांनी उभी केलेली फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यांत ओतायचा कारखाना, आणि मशीन शॉप, शंभराच्या आसपास माणसं. शिवाय सीमेपलीकडे महाराष्ट्रात, शिनोळीत काढलेलं छोटं युनिट. वडील सगळं स्वतः ठरवतात, अगदी हातमोज्यांच्या खरेदीपर्यंत. मुलगी शिकून आली आहे आणि कारभार हळूहळू तिच्याकडे येतो आहे. एका सल्लागाराने सांगितलं की अधिकार खाली द्या, विकेंद्रीकरण करा, कामगारांची कामगिरी आपोआप वाढेल. वडील म्हणतात, तसं केलं तर सहा महिन्यांत दाराला कुलूप लागेल. तिने विचारलंय, खरं कुणाचं? आणि सुरुवात करायचीच तर कुठून?

मी एकतीस वर्षं बेळगावातल्या फाउंड्र्यांत काढली. आधी साच्यांच्या वाळूत, मग भट्टीवर, शेवटची बरीच वर्षं प्लांट मॅनेजर म्हणून. आता लहान कारखान्यांना आणि दोन-तीन पतसंस्थांना घडी बसवून द्यायचं काम करतो. तेव्हा उत्तर लांबेल. ताई, वडिलांची भीती खोटी नाही आणि सल्लागाराचं औषधही वाईट नाही. त्याने नाडी न बघता पुडी बांधून दिली, एवढंच.

आधी एक रात्र सांगतो.

एसजी आयर्न नावाच्या मजबूत ओतीव लोखंडाच्या धातूत मॅग्नेशियम घालतात हे तुम्हाला माहीत असेलच. त्याने आतल्या ग्राफाइटचे गोळे होतात आणि कास्टिंगला, म्हणजे ओतून काढलेल्या पार्टला, ताकद येते. पण ते मॅग्नेशियम धातूत टिकत नाही, क्षणाक्षणाला कमी होत जातं. ट्रीटमेंट, म्हणजे हे मॅग्नेशियम घालणं, झाल्यापासून साधारण दहा मिनिटांत धातू साच्यात गेला तर ठीक. पुढे गोळे बिघडत जातात, आणि गंमत म्हणजे वरून बघून काही म्हणता काही कळत नाही. कास्टिंग दिसायला सुरेखच निघतं.

त्या रात्री सेकंड शिफ्टला लॅडल, म्हणजे वितळलेला धातू न्यायचं भांडं, भरला, ट्रीटमेंट झाली आणि क्रेन अडकली. मेंटेनन्सच्या पोराने खटपट करून ती चालू केली तोवर सात-आठ मिनिटं गेली होती. मेस्त्रींसमोर प्रश्न उभा राहिला: हा धातू साच्यांत ओतायचा, की पिगमध्ये, म्हणजे पुन्हा वितळवायच्या ठोकळ्यांत, ओतून गप्प बसायचं? पिग केलं तर त्या हीटची, म्हणजे भट्टीच्या त्या एका घाण्याची, वीज, मॅग्नेशियम आणि मेहनत वाया. एवढं नुकसान स्वतःच्या नावावर घ्यायचा अधिकार मेस्त्रींना नव्हता. त्यांनी मला फोन केला. मलाही नव्हता. मी मालकांना लावला. मालक निपाणीला लग्नात, बँड चालू, फोन खिशात. तिसऱ्यांदा लागला तेव्हा ते म्हणाले, 'बघा काय ते, पण माल वाया घालवू नका.' मी मेस्त्रींना म्हटलं, ओता. त्यांनी ओतलं.

माल गेला, मशीनिंग झालं, गिऱ्हाइकाच्या तपासणीत नापास झाला आणि आख्खा लॉट परत आला. पिग केलं असतं तर एका हीटचं नुकसान. आता त्यावर फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), मशीनिंग, जायचं-यायचं भाडं आणि वर गिऱ्हाइकाची बोलणी. मेस्त्री मला दुसऱ्या दिवशी जे म्हणाले ते अजून कानात आहे: 'साहेब, मला ठावं होतं की. मेटल मेलं होतं. पर नको म्हणायला मी कोण?'

त्या प्रसंगात मेस्त्री कुठे कमी पडले? ज्ञान त्यांच्याकडे होतं, अनुभव होता, नियतही साफ होती. तरी कामगिरीच्या कागदावर त्या महिन्याचं रिजेक्शन त्यांच्याच शिफ्टच्या नावावर चढलं. रचनेचा कामगिरीवर परिणाम होतो तो असा. माणूस तोच राहतो, पण त्याला माहीत असलेली गोष्ट कामाला येत नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही कारखान्यात गेलो की निर्णयाचं आयुष्य मोजतो. धातू ओतायचा की नाही, हा निर्णय दहा मिनिटं जगतो. तुटलेलं बेअरिंग आज आणायचं की उद्या, हा एक शिफ्ट जगतो. नवं मोल्डिंग मशीन घ्यायचं की नाही, हा वर्षभर जगला तरी चालतो. निर्णयाचं आयुष्य दहा मिनिटांचं आणि तो घेणाऱ्यापर्यंत पोहोचायला वीस मिनिटं, असं असेल तर तिथे अधिकार खाली गेलाच पाहिजे, मालक कितीही हुशार असोत. उलट जो निर्णय वर्षभर थांबू शकतो तो पाच मेस्त्र्यांवर सोडण्यात काही शहाणपणा नाही.

अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेकने १९४५ साली हेच मोठ्या पटावर मांडलं होतं. त्याचा विषय सरकारी नियोजनाचा होता, फाउंड्रीचा नव्हे. पण म्हणणं असं की त्या त्या जागेची, त्या त्या वेळेची माहिती हजारो लोकांच्या डोक्यात विखुरलेली असते आणि ती एका जागी गोळा करून आणता येत नाही. मेस्त्रींना धातूच्या रंगावरून, लॅडलच्या कडेला धरणाऱ्या सालीवरून जे कळत होतं ते फोनवरून निपाणीच्या मांडवात कसं पोहोचणार?

बेळगावात तर ही जागेची माहिती जरा जास्तच गुंतागुंतीची. मी शेवटी ज्या कंपनीत होतो तिचं मुख्य कार्यालय दूरच्या शहरात. तिथून दर वर्षी सुट्ट्यांची एकच यादी यायची, सगळ्या प्लांटना सारखी. तीत शिवजयंती १९ फेब्रुवारीची. आता बेळगावची शिवजयंती वैशाखात, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला साचे करायच्या मोल्डिंग लाइनवर निम्मी माणसं. मग हुक्केरी-गोकाककडची माणसं ज्येष्ठातल्या कारहुणवीला, म्हणजे कर्नाटकी बेंदराला, गावी जाणार. चंदगड-गडहिंग्लजकडची आषाढातल्या बेंदराला. सौंदत्तीला यल्लम्माची पौर्णिमा आली की फेटलिंग रिकामं. आणि १९ फेब्रुवारीला, सुट्टी म्हणून, मशीनं बंद आणि माणसं घरी बसून कंटाळलेली.

मुख्य कार्यालयाने काय केलं? गैरहजेरीचा तक्ता काढला, बेळगाव प्लांट तळाला दिसला, आणि हजेरी सुधारणा मोहीम पाठवून दिली. न सांगता राहिलेल्यांचा बोनसचा भाग कापला. दोन वर्षांत आमचे सहा चांगले मोल्डर शेजारच्या शेडमध्ये गेले. अखेर भांडून भांडून एवढंच मिळवलं की सणांच्या सुट्ट्यांपैकी चार प्लांटने स्वतः ठरवायच्या. त्यासुद्धा आम्ही वर बसून ठरवल्या नाहीत, डिपार्टमेंटवर सोडल्या. फेटलिंगवाल्यांनी यल्लम्मा घेतली, मोल्डिंगने मिरवणुकीचा दुसरा दिवस. सुट्ट्या तेवढ्याच राहिल्या, पगारही तोच. न सांगता राहणं मात्र इतकं कमी झालं की पुढच्या वर्षी तो तक्ता आमच्याकडे यायचाच बंद झाला.

तुमच्याकडे तर दोन राज्यं आहेत. १ नोव्हेंबरला उद्यमबाग कर्नाटक राज्योत्सवाच्या सुट्टीवर, शिनोळीला कामाचा दिवस. वीज इथे हेस्कॉमची, तिथे महावितरणची. किमान वेतनाचे दर वेगळे, कामगार खात्याचे अधिकारी वेगळे, नोटीस कानडीतून की मराठीतून हेही वेगळं. शिनोळीचा सुपरवायझर प्रत्येक गोष्टीला उद्यमबागेत फोन लावत असेल, तर तुम्ही त्याला पगार सुपरवायझरचा देताय आणि काम टेलिफोन ऑपरेटरचं घेताय.

इथवर वाचून वाटेल की मी सल्लागाराच्या बाजूचा. थांबा.

एका फाउंड्रीत मला बोलावलं होतं ते उलट्या दुखण्यासाठी. तरुण मालक, मोकळ्या मनाचा. त्याने शिफ्ट इन्चार्जना सांगून टाकलं होतं, तुमची शिफ्ट तुमचं राज्य. झालं काय, फर्स्ट शिफ्टवाला वाळूत बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) आपल्या अंदाजाने टाकायचा, सेकंडवाला आपल्या. एकाला ओलसर वाळू आवडायची, दुसऱ्याला कोरडी. एकाच पार्टला सोमवारी ब्लोहोल (हवेची पोकळी), मंगळवारी वाळूचा दोष. दोघेही आपापल्या परीने बरोबर आणि दोघांचंही रिजेक्शन चढं. कुणाचं का चुकतंय तेच शोधता येईना, कारण तुलना करायला एक पद्धतच उरली नव्हती. दोन्ही शिफ्टमध्ये बोलाचाली बंद, कॅन्टीनमध्ये टेबलं वेगळी.

तिथे मी पहिलं काम केलं ते केंद्रीकरणाचं. वाळूचा नुस्खा एक, तो लॅबमधून लिहून येणार, तपासणी ठरल्या वेळी, आणि त्यात बदल करायचा असेल तर कारण लिहून मागायचा. अधिकार काढून घेतले म्हणून आठवडाभर तोंडं वाकडी होती. रिजेक्शन उतरलं तशी ती सरळ झाली. आपलं काम चांगलं निघतंय याच्याइतका उत्साह दुसऱ्या कशाने येत नाही.

तेव्हा धातूचं कॉम्पोझिशन, वाळू, ड्रॉइंग, गिऱ्हाइकाने मंजूर केलेली प्रोसेस, या गोष्टी मध्यभागीच राहू द्या. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये, जिथे विमानांचे पार्ट बनतात, काम करणाऱ्या कुणालाही विचारा: विमानाच्या पार्टची प्रोसेस एकदा मंजूर झाली की ऑपरेटरने 'मला बरं वाटलं म्हणून' फीड, म्हणजे कापणाऱ्या हत्याराची सरकायची गती, बदलला, असं चालतच नाही. याचा अर्थ तिथला माणूस हुकमाचा ताबेदार असतो असा नव्हे. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या साध्या कामगारालाही दोरी ओढून दोष दाखवायचा आणि गरज पडली तर लाइन थांबवायचा अधिकार आहे. पण तोच कामगार काम मात्र ठरवून दिलेल्या पद्धतीनेच करतो. पद्धत पक्की असते म्हणूनच ती कुठे बिघडली ते त्याला चटकन दिसतं आणि दोरी ओढायचं धाडस होतं. आमच्या मेस्त्रींकडे ती दोरी नव्हती.

साठच्या दशकात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टनमध्ये डेरेक प्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच संस्थांची रचना मोजून बघितली. त्यातला एक धागा मला फार उपयोगी पडला. संस्था मोठी होत जाते तसे लिखित नियम वाढतात, आणि निर्णय वर एकवटणं मात्र कमी होत जातं. आपल्याकडे समज उलटा: नियम आले की माणूस बांधला गेला. खरं तर लिहिलेलं काहीच नसतं तेव्हाच प्रत्येक गोष्ट मालकांना विचारावी लागते, कारण नियम मालकांच्या डोक्यात असतो. तुमच्या वडिलांना हातमोज्यांची खरेदीही स्वतः करावी लागते ती हौसेपोटी नसेल. हातमोजे किती दिवसांनी बदलायचे हे कुठे लिहिलेलंच नसेल.

पतसंस्थांमध्ये हे फार स्वच्छ दिसतं, म्हणून कारखाना सोडून जरा तिकडे येतो. एका पतसंस्थेने, नाव राहू द्या, शाखाधिकाऱ्यांना सोनेतारणाचे पूर्ण अधिकार दिले होते. धंदा वाढला. मग एका शाखेत नात्यागोत्यातल्या माणसांच्या दागिन्यांचं मूल्यांकन जरा प्रेमाने झालेलं सापडलं. संचालक मंडळ खवळलं आणि सगळे अधिकार मुख्य कार्यालयात घेऊन बसलं. पुढच्या मृगाला शेतकरी बियाण्यासाठी पाटल्या घेऊन शाखेत आला, तर कॅशियर म्हणतो, बेळगावहून मंजुरी आली की परवा या. परवा कशाला येतोय? तो दोन दुकानं सोडून सोनेतारणवाल्या खाजगी कंपनीत गेला. शाखेतली माणसं दिवसभर टेबलावर बसून. आळशी झाली म्हणून त्यांच्या पगारवाढी रोखल्या गेल्या. काम काढून घेतलेल्या माणसाला आळशी म्हणायचा हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे.

आम्ही केलं ते एवढंच. सोन्याच्या किमतीच्या किती टक्के द्यायचे, व्याज किती, हे मुख्य कार्यालय ठरवणार आणि रोज सकाळी दर कळवणार. कुणाला द्यायचं, ते शाखा ठरवणार, एका ठरलेल्या रकमेपर्यंत. मूल्यांकन सोनार करणार, मंजुरी शाखाधिकारी देणार, तिजोरीची एक किल्ली कॅशियरकडे राहणार. तिघांच्या सह्यांशिवाय पिशवी आत जाणार नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. शिवाजी महाराजांच्या गडांवर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. शिपाई आणि दरवाजे एकाच्या, हिशेब दुसऱ्याच्या, कोठार तिसऱ्याच्या हाती. वेढा पडला तर रायगडाला विचारायला वेळ कुठला, म्हणून गडावर पूर्ण अधिकार. पण एकट्याने फितूर व्हायचं म्हटलं तरी जमू नये अशी गाठ मारलेली. अधिकार खाली देणं आणि माणसावर आंधळा विश्वास टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलांना समजवायचं असेल तर सल्लागाराच्या स्लाइडपेक्षा हे उदाहरण जास्त पटेल असा माझा अंदाज.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकी उत्तरांत सहसा सुटते. अधिकार खाली आले की माणूस चांगलं काम करतो ते मोकळेपणामुळेच, असं धरून चालतात. काही वेळा कारण वेगळं असतं: नजर जवळ येते. आपल्या कर्नाटकातच बघा. १९८३ चा पंचायत कायदा झाला, १९८७ मध्ये निवडणुका होऊन जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायती बसल्या. अब्दुल नझीर साब हे त्यामागचे मंत्री. त्याआधी खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात मास्तर पोहोचतील तेव्हा शाळा, अशी परिस्थिती होती. मास्तरांचा साहेब बेळगावात, त्याला कोण सांगायला जाणार? पंचायतीचा सदस्य गावातलाच, त्याचंच पोरगं शाळेत. रिचर्ड क्रुक आणि जेम्स मॅनर या अभ्यासकांनी कर्नाटकातल्या त्या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा शिक्षकांची आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची हजेरी सुधारल्याचं त्यांनाही दिसलं. मास्तरांना त्यात मोकळीक काहीच मिळाली नव्हती, उलट लगाम आखूड झाला होता. कारखान्यातही डिपार्टमेंटचा अधिकार डिपार्टमेंटकडे आला की कामचुकाराला पहिला त्रास होतो. मालकांच्या नजरेतून सुटणं सोपं, शेजारच्या मशीनवाल्याच्या नजरेतून कठीण.

बेळगावातल्याच वडगाव, खासबाग, शहापूरचे मागवाले घ्या. वरून पाहिलं तर याहून विकेंद्रित रचना नाही. माग घरात, वेळ आपली, मुकादम नाही. पण सूत कुणाचं, डिझाइन कुणाचं, साडीचा दर कोण ठरवतो? मोठा व्यापारी. ज्याच्या हातात फक्त माग कधी चालवायचा एवढंच आहे, आणि तेही वीज असेल तर, त्याला स्वतंत्र म्हणणं ही थट्टा आहे. काम घरोघरी विखुरलंय म्हणून अधिकारही विखुरले असं होत नाही. शिनोळीला युनिट काढलं म्हणजे विकेंद्रीकरण झालं, असं तुम्हीही धरू नका.

आता सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं ते सांगतो. पूर्ण केंद्रित कारखाना मी चाललेला पाहिला आहे, मालक खमका असेल आणि शेडमध्येच बसत असेल तर चाळीस-पन्नास माणसांपर्यंत फर्स्टक्लास चालतो. कामगारांनाही तो आवडतो. शब्द एकच, तो तोंडासमोर, आज नाही तर नाही. माझ्या संयमाचा कडेलोट होतो तो दिलेला अधिकार परत घेणाऱ्यांपाशी.

एका ठिकाणी मेंटेनन्स इन्चार्जला दहा हजारांपर्यंत खरेदीचा अधिकार दिला. पत्र दिलं, सही-शिक्का, नोटीस बोर्डावरसुद्धा लावलं. महिन्याने शनिवारी रात्री शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे कास्टिंग साफ करायच्या, मशीनचं बेअरिंग गेलं. हा रविवारी सकाळी दुकानदाराला घरून उठवून बेअरिंग घेऊन आला, सात हजारांच्या वर बिल. दुपारपर्यंत मशीन चालू. सोमवारी मालकांनी बिल बघितलं आणि चार माणसांत विचारलं, 'कुणाला विचारून आणलंस?' एवढंच. रागावलेसुद्धा नाहीत. पण पुढचं वर्षभर त्या कारखान्यात कुणी दोनशे रुपयांचा पट्टाही स्वतःच्या सहीने आणला नाही. नोटीस बोर्डावर पत्र तसंच, पिवळं पडलेलं. शेडमध्ये कुणालाही काहीही विचारा, मराठी असेल तर 'मालकांना विचारून सांगतो', कानडी असेल तर 'मालकरिगे केळ्री', म्हणजे मालकांना विचारा. दोन्ही भाषांत उत्तर एकच.

पूर्ण केंद्रित कारखान्यात माणूस निदान हुकूम तरी पाळतो. अशा अर्धवट कारखान्यात तो हुकमाचीही वाट बघतो आणि अधिकाराचीही, आणि दोन्ही न आल्याचा पुरावा खिशात ठेवतो. बोर्डावरचं पत्र मोबाइलमध्ये काढून ठेवलेले लोक मी पाहिले आहेत, उद्या अंगावर आलं तर दाखवायला.

सगळ्यांनाच अधिकार हवे असतात हाही एक गोड गैरसमज. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी सत्तरच्या दशकात कामाची रचना आणि कामातली ओढ यांचा संबंध मांडला, त्यात स्वायत्ततेला मोठं स्थान आहे. पण त्यांनीच हेही म्हटलंय की ज्याला वाढायची भूक आहे त्याच्यावर हे जास्त लागू पडतं. माझ्या हाताखाली एक कोअरमेकर होते, म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करणारे, हातात जादू. त्यांना इन्चार्ज केलं तर तिसऱ्या महिन्यात येऊन म्हणाले, 'मला माझं काम द्या परत. ह्या पोरांच्या रजा कोण सांभाळंल?' दिलं परत. त्यांची पगारवाढ मात्र इन्चार्जइतकीच ठेवली, आणि ती ठेवायला मला मालकांशी दोन महिने वाद घालावा लागला. उलट बाजूही आहे. जबाबदारी वाढवायची, चूक झाली तर बोलणी खायला लावायची आणि पगार तोच ठेवायचा, याला खालची माणसं विकेंद्रीकरण म्हणत नाहीत. ओझं म्हणतात.

तर सुरुवात कुठून करायची.

अजून कुणालाही काही देऊ नका, पत्र काढू नका, मीटिंग घेऊ नका. एक दोनशे पानी वही घ्या. तीन आठवडे वडिलांना, तुम्हाला आणि मॅनेजरना जे जे विचारायला माणसं येतील किंवा फोन करतील, ते सगळं लिहा. कुणी विचारलं, काय विचारलं, काम किती वेळ थांबलं, आणि उत्तर काय दिलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. तीन आठवड्यांनी लाल पेन घेऊन बसा, आणि ज्या प्रश्नाला दर वेळी एकच उत्तर गेलंय त्याच्यावर खूण करा. हातमोजे द्या, होय. ओव्हरटाइमला दोन माणसं थांबवू का, थांबव. ट्रान्सपोर्टवाला पन्नास रुपये जास्त मागतोय, दे. ज्याचं उत्तर नेहमी तेच असतं तो निर्णय नाहीच, तो न लिहिलेला नियम आहे. लिहून खाली द्या. पहिल्या फेरीत एवढंच. यात वडिलांचाच शब्द पाळला जातोय, तेव्हा त्यांची हरकत येऊ नये.

दुसऱ्या फेरीत दहा मिनिटं जगणारे निर्णय. धातू ओतायचा की पिग करायचा, मशीन थांबवायचं की चालवायचं. इथे मेस्त्रींना लेखी द्या की थांबवल्याबद्दल, पिग केल्याबद्दल कधीही पैसे कापले जाणार नाहीत आणि चारचौघांत जाब विचारला जाणार नाही. दुसऱ्या दिवशी बसून चर्चा जरूर करा, दार लावून. किती वेळा पिग केलं याची नोंद ठेवा. पहिले दोन-तीन महिने आकडा वाढेल, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. दोरी नवी असते तेव्हा माणूस जरा जास्तच ओढतो.

शिनोळीच्या सुपरवायझरला रजा, रोजंदारी माणसं, महावितरणची तक्रार आणि एका रकमेपर्यंतची खरेदी, हे पहिल्या दिवसापासून देऊन टाका. कॉम्पोझिशन, दर, मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलणं आणि पैसा उद्यमबागेतच ठेवा. जनरल मोटर्समध्ये आल्फ्रेड स्लोनने १९२० च्या दशकात हीच वाटणी केली होती, गाड्या कशा करायच्या ते विभागांकडे आणि तिजोरीवर नजर मध्यभागी. तुमच्या शंभर माणसांना स्लोन कशाला हवा म्हणाल, पण शंभर माणसांतही तिजोरी एकच असते.

वही वडिलांच्या हस्ताक्षरात भरली गेली तर उत्तम. तुम्ही लिहिली तर ती त्यांना तक्रारवही वाटेल. त्यांना म्हणा, अण्णा, तुम्ही दिवसभरात कुणाकुणाला काय काय सांगता ते मला शिकायचंय, जरा टिपून ठेवाल का. मी एका मालकांना असंच लावलं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी वही माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, 'हे काय हो, सकाळपासनं सोळा जणांनी चहाच्या कुपनाचं विचारलंय मला.' कुपनाचं काम त्याच दुपारी टाइम ऑफिसला गेलं.

शिनोळीला चक्कर टाकणार असाल तेव्हा कळवा, मीही येतो. पण वही भरल्यावर.